शक्तिमाननं हात मोडला

आमच्या घरात एक वाक्य वीस वर्षं चाललं : "शक्तिमाननं पोराचा हात मोडला." पाहुण्यांची नजर माझ्या चुलतभावाच्या डाव्या कोपराकडं गेली की आजी, आई किंवा काकू, कुणीतरी हे वाक्य बोलायचं आणि विषय संपायचा. पाहुणेही मान हलवायचे. पोरं शक्तिमानच्या नादानं उड्या मारतात, हे तेव्हा सगळ्यांनी पेपरात वाचलेलं होतं.

मी ते वाक्य स्वतः कधी बोलले नाही. पण दुसरं कुणी बोललं तेव्हा कधी अडवलंही नाही. आता अडवायचं आहे, म्हणून हे लिहितेय. त्याआधी ती मालिका काय होती, सिन्नरमधल्या आमच्या दोन खोल्यांत ती कशी आली आणि तिच्याबद्दल कोण काय म्हणायचं, ते सांगावं लागेल. आज शक्तिमान म्हटलं की मीम तरी येतं, नाहीतर "काय दिवस होते यार" असा उसासा तरी येतो. आम्ही ती पाहत होतो तेव्हा मात्र एका खोलीत बसलेल्या माणसांची तिच्याबद्दल सहा वेगळी मतं होती.

पत्र्यावरचा अँटेना

'शक्तिमान'चा पहिला भाग दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी लागला. शनिवार होता. शेवटचा भाग लागला २७ मार्च २००५ रोजी, रविवारी. साडेसात वर्षं, चारशेहून जास्त भाग. भारतात बनलेली दुसरी कुठलीही विज्ञान-अद्भुत मालिका तेव्हापर्यंत इतकी चालली नव्हती.

तसे प्रयत्न आधीही झाले होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'स्पेस सिटी सिग्मा' आली. १९८९मध्ये 'इंद्रधनुष' आली. त्यात शाळकरी पोरं संगणक जोडतात आणि काळात मागं-पुढं जातात. गिरीश कार्नाड त्यात होते, आणि पुढं मोठी झालेली ऊर्मिला मातोंडकर, करण जोहर, आशुतोष गोवारीकर ही मंडळीही. १९९८मध्ये केतन मेहतांनी मिलिंद सोमणला घेऊन 'कॅप्टन व्योम' काढली. ती घडते २१२३ साली, अंतराळात. या मालिका पाहिलेले लोक आजही त्यांच्याबद्दल प्रेमानं बोलतात. पण त्या काही महिन्यांत किंवा फार तर वर्ष-दोन वर्षांत संपल्या. शक्तिमान राहिला.

का राहिला, याचं एक उत्तर आमच्या पत्र्यावर होतं. सिन्नरमध्ये तेव्हा केबल आली होती, पण गावठाणातल्या आमच्या गल्लीत ती दोन-तीन घरांतच होती. बाकी सगळ्यांच्या छपरावर अँटेना. दूरदर्शनला महिन्याचं भाडं लागत नव्हतं. आमचा टीव्ही चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक जण पत्र्यावर चढायचा, एक दारात उभा राहायचा आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "थांब, थांब, आलं!" असे छोटे टीव्ही बारा व्होल्टवरही चालायचे. त्यामुळं रविवारी दुपारी वीज गेली की शेजारच्या रिक्षावाल्या काकांची बॅटरी घरात यायची, आणि त्या बॅटरीसोबत त्यांची तीन पोरंही यायची.

दुसरं उत्तर पैशाचं आहे. शक्तिमान ही प्रायोजित मालिका होती. म्हणजे निर्मात्यानं दूरदर्शनला दर भागामागं शुल्क भरायचं, त्या बदल्यात मिळालेली जाहिरातींची वेळ विकायची आणि त्यातून खर्च काढायचा. मुकेश खन्ना यांनी पुढं मुलाखतींत सांगितलंय की सुरुवातीला, शनिवारी सकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी मालिका लागायची तेव्हा, ते एका भागाला ३ लाख ८० हजार रुपये भरत. रविवारची वेळ मिळाली तसा आकडा वाढला आणि पुढं दहा लाखांच्या वर गेला. पारले-जी बिस्किटं प्रायोजक होती. बिस्किट विकणाऱ्याला पोरं हवी होती आणि पोरं रविवारी दुपारी बाराला टीव्हीसमोर होती. हे गणित जमलं तोवर मालिका चालली. शुल्क आणखी वाढतंय म्हटल्यावर ती थांबली. ती बंद झाली ती या कारणानं, पोरांच्या अपघातांमुळं नव्हे, असं खन्नांचं म्हणणं आहे.

शक्तिमानचा पोशाख लालसर आणि सोनेरी आहे, हे मला जाहिरातींतून आणि वहीवर चिकटवायच्या लेबलांतून कळलं. आमच्या टीव्हीवर तो कायम राखाडी होता.

खोलीतली मतं

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हा 'आज की आवाज' नावाच्या वर्तमानपत्रात काम करणारा वेंधळा, चष्मेवाला माणूस. दात पुढं, बोलणं शुद्ध हिंदीतलं, आणि जाईल तिथं काहीतरी सांडणारा. हाच खरा शक्तिमान. सूर्यांशी नावाच्या ऋषींनी त्याला घडवलेलं असतं. पंचमहाभूतं आणि कुंडलिनी यातून त्याला शक्ती मिळालेली असते. तो गरगर फिरतो आणि उडतो. त्याच वर्तमानपत्रात गीता विश्वास नावाची वार्ताहर असते. समोर तमराज किल्विष, त्याला जगात अंधार हवा असतो. आणि किल्विषच्या बाजूनं डॉक्टर जॅकाल, एक वेडा शास्त्रज्ञ.

आजीला हिंदी येत नव्हती. तरी ती एकही भाग चुकवायची नाही. तिच्या मते यात नवीन काही नव्हतं. देव वेश बदलून येतो, भक्ताच्या घरी दळण दळतो, पाणी भरतो, तसाच हा गंगाधर. आणि गिरकी घेतो म्हणजे त्याच्या अंगात येतं. "येऊन गेल्यावर थकत कसा नाही मेला?" एवढीच तिची शंका होती.

आई आणि काकू दोघी विड्या वळायच्या. सिन्नरला विडीचा धंदा जुना. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या मांडीवर सूप असायचं. सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं, बोटाला दोरा. विडी वळायला डोळे लागतात, त्यामुळं त्या दोघी मालिका पाहायच्या कमी आणि ऐकायच्या जास्त. आईला शेवटचा भाग आवडायचा, 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. त्यात कुणी पोरगं दात घासत नाही, कचरा टाकतं, खोटं बोलतं, आणि शक्तिमान समजावतो, मग ते "सॉरी शक्तिमान" म्हणतं. आईचं मत होतं की एवढी पाच मिनिटंच दाखवावीत, बाकीचं उडणं कशाला. काकू उलट म्हणायची. तिला उपदेशाचा कंटाळा होता. "दिवसभर आपण हेच बोलतो की. त्याला तरी उडू द्या."

बाबा आणि काका मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. औद्योगिक वसाहतींत सगळीकडं साप्ताहिक सुट्टी रविवारीच नसते. विजेचा भार वाटला जावा म्हणून सुट्टीचे वार वेगवेगळे ठेवतात. त्यामुळं रविवारी दुपारी घरातले पुरुष पाळीवर असायचे. काकांनी ती मालिका कधीच पाहिली नव्हती. पण तिच्याबद्दलचं त्यांचं मत सगळ्यांत पक्कं होतं : फालतू आहे.

शाळेत आम्हाला शास्त्र शिकवणारे सर होते. एका सोमवारी वर्गात पोरं गिरक्या घेत होती, ते पाहून त्यांनी पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर हेलिकॉप्टर काढलं. पातं तिरकं असतं, म्हणून फिरताना ते हवा खाली ढकलतं, आणि हवेला खाली ढकलल्याबद्दल हेलिकॉप्टर वर जातं. माणूस फिरतो तेव्हा तो काय ढकलतो? काहीच नाही. "म्हणून त्याला फक्त चक्कर येते," सर म्हणाले. न्यूटनचा तिसरा नियम पुढं पुस्तकात आला तेव्हा मला नवा वाटला नाही.

ही विज्ञानाची मालिका होती का?

सरांना शक्तिमान आवडत नव्हता, आणि त्याचं कारण उडणं हे नव्हतं. ते म्हणायचे, की या मालिकेत चांगली शक्ती येते ऋषींकडून आणि प्रयोगशाळेत जे जे बनतं ते वाईटच असतं. डॉक्टर जॅकाल शक्तिमानची नक्कल तयार करतो, राक्षस तयार करतो, "पॉवर" म्हणून ओरडतो. पोरांना शास्त्रज्ञ म्हटल्यावर हाच माणूस आठवणार असेल तर मी इथं काय शिकवतो?

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला फार नंतर कळलं. मराठीत विज्ञानकथेची वाट वेगळी होती. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत नारळीकर. स्वतःच्या नावामुळं परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. गोष्टीत कितीही अद्भुत घडू दे, त्यामागचं विज्ञान पटलं पाहिजे, अशी त्यांच्या कथांची रीत. शक्तिमानच्या तीन वर्षं आधी, १९९४-९५मध्ये, याच नारळीकरांची 'ब्रह्मांड' ही मालिका दूरदर्शनवर होऊन गेली होती. त्याच दूरदर्शनवर, त्याच अँटेनानं.

मग आमच्या गल्लीत सगळ्यांना शक्तिमान माहीत आणि 'ब्रह्मांड' सरांशिवाय कुणालाच आठवत नाही, असं का? मला वाटतं, शक्तिमाननं दोन्हीकडचं घेतलं. आजीला तो देव वाटला, पोरांना सुपरहिरो. त्यात दुसऱ्या ग्रहावरचे लोक होते, यंत्रमानव होते, आणि ध्यान लावणारे ऋषीही होते. कुणालाच खोलीतून उठून जावं लागलं नाही. शुद्ध विज्ञानकथा म्हणून पाहिली तर मालिका कच्ची होती. आठवड्यातून एकदा घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र बसायची गोष्ट म्हणून पाहिली तर पक्की होती. हे दोन्ही निकाल मला खरे वाटतात.

माझी स्वतःची तक्रार तिसरीच होती. खेळताना मला कुणी शक्तिमान होऊ द्यायचं नाही. पोरगी म्हणजे गीता विश्वास. आणि आमच्या खेळात गीतानं काय करायचं? ओरडायचं आणि वाचवलं जायचं. खरं तर मालिकेतली गीता बातमीमागं धावणारी, कुणालाही प्रश्न विचारणारी बाई होती. आधी किटू गिडवानी आणि मग वैष्णवी महंत यांनी ती केली. आमच्या गल्लीत नोकरीसाठी घराबाहेर पडणारी, हातात पेन असलेली बाई मी पाहिलेली नव्हती. ती मला आवडायची. पण खेळात तिला पेन नसायचं. म्हणून मी गीता व्हायला नकार दिला आणि खेळ चालवणारी झाले. कोण कुठून येणार, कुणी कधी पडायचं, हे मी ठरवायचे.

बातम्या

१९९८-९९च्या आसपास पेपरात बातम्या यायला लागल्या. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून कुठल्या पोरानं उंचावरून उडी मारली, कुणी स्वतःला भाजून घेतलं. मालिका बंद करा, अशी मागणी झाली. निर्मात्यांनी हे नाकारलं. पडद्यावर शक्तिमान स्वतः पोरांना सांगू लागला, की माझ्यासारखं काही करू नका. बातम्यांतल्या काही घटनांचा मालिकेशी संबंधच नव्हता, असंही मुकेश खन्ना पुढं सांगत राहिले.

मोठ्यांना वाटणारी ही भीती काही फक्त आपल्याकडची नव्हती. ब्रिटनमध्ये १९६३पासून 'डॉक्टर हू' ही कुटुंबानं मिळून पाहायची विज्ञानमालिका चालते. १९७६च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या एका भागाच्या शेवटी नायकाचं डोकं पाण्याखाली दाबून धरलेलं दाखवलं आणि चित्र तिथंच थांबलं. मेरी व्हाइटहाउस या बाई टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवायच्या. त्यांनी तक्रार केली, की लहान मुलाच्या मनात आठवडाभर हेच चित्र राहणार. बीबीसीनं दिलगिरी व्यक्त केली.

जपानमधला प्रकार त्याहून गंभीर होता. १६ डिसेंबर १९९७ रोजी, म्हणजे आपल्याकडं शक्तिमान सुरू होऊन तीन महिने झाले होते तेव्हा, 'पोकेमॉन'चा एक भाग पाहून जवळजवळ सातशे लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. बहुतेक मुलंच. तिथं मालिका काही महिने थांबवली गेली आणि तपास झाला. लाल आणि निळा प्रकाश एका सेकंदात बाराच्या आसपास वेळा आलटून-पालटून चमकला होता, आणि काहींच्या मेंदूला तसा झगमगाट सोसत नाही. कारण कळलं, तसे नियम झाले, मालिका पुन्हा सुरू झाली.

जपानच्या गोष्टीतला तपास मला महत्त्वाचा वाटतो. नेमकं काय झालं, कोण कुठं होतं, हे तिथं विचारलं गेलं. आमच्या घरात ते विचारलं गेलं नाही.

वाळूचा ढीग

मे १९९९. सुट्टी. मी अकरा वर्षांची, चुलतभाऊ सात वर्षांचा. घरामागं एकाचं बांधकाम अर्धवट राहिलं होतं. स्लॅब पडलेला, जिना झालेला, कठडा नाही. खाली वाळूचा ढीग. महिनाभर आम्ही जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरून त्या वाळूत उड्या मारत होतो. वाळूत पडल्यावर काही होत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मारत होतो.

त्या आठवड्यात मालकानं काम पुन्हा काढलं आणि अर्धी वाळू वापरली गेली. ढीग पसरट झाला. दुपारची वेळ. आई आणि काकू वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात गेलेल्या. तिथं रांग असते, विड्या तपासतात, खराब असतील त्या काढून टाकतात, मग उद्याची पानं-तंबाखू मिळते. दोन तास सहज जातात. आजी झोपलेली. बाबा, काका पाळीवर.

मी भावाला म्हणाले, की पायरीवरून सगळेच मारतात, तू स्लॅबवरून मार. आणि नुसती नाही, गिरकी घेऊन मार. तो कडेला गेला आणि मागं सरला. मी खालून म्हणाले, "घाबरट आहेस. तुला शक्तिमान करणारच नाही उद्यापासून."

त्यानं गिरकी घेतली. तोल गेला आणि तो ढिगाच्या बाहेर, हातावर पडला.

कोपर लगेच सुजलं. संध्याकाळी काका आले. त्यांनी दारातच विचारलं, "बायका कुठं होत्या?" काकू भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग गेलेला मला अजून दिसतो. त्या क्षणी आई बोलली : "त्या शक्तिमानमुळं झालं भाऊजी. तो उडतो म्हणून पोरगं उडालं." काका थांबले. त्यांनी टीव्हीची वायर उपसली, पत्र्यावर चढून अँटेना काढला आणि खाली टाकला. काकूला ते काही बोलले नाहीत.

आईनं ते वाक्य काकूला वाचवायला म्हटलं होतं, हे मला तेव्हाही समजलं. त्याच वाक्यानं मीही वाचले, हेसुद्धा समजलं. म्हणून मी गप्प बसले.

भावाला त्याच रात्री जवळच्या खेड्यात हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडं नेलं. त्यानं ओढून, चोळून, लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन दिवसांनी बोटं काळी-निळी पडायला लागली तेव्हा नाशिकला दवाखान्यात नेलं. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं. पाच ते आठ वर्षांची मुलं हातावर पडली की हे हाड फार वेळा मोडतं, आणि ते चोळायचं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हात वाचला. पण हाड वाकडं जुळलं. आजही त्यानं हात सरळ खाली सोडला की कोपरापासून पुढचा भाग आत वळलेला दिसतो.

त्याला सैन्यात जायचं होतं. अठराव्या वर्षी भरतीला गेला. धावण्यात पहिल्या काही जणांत आला आणि वैद्यकीय तपासणीत कोपरामुळं बाद झाला. घरी परत आला तेव्हा आजी म्हणाली, "मेल्या शक्तिमाननं पोराचं वाटोळं केलं." तो जेवला आणि झोपला. मी तेव्हा पुण्याला शिकत होते. आईनं फोनवर सांगितलं. मी "हो का" म्हणाले.

एप्रिल २०२०

लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी मी माझ्या मुलाला घेऊन सिन्नरला आले आणि तिथंच अडकले. दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती. आधी रामायण, आणि १ एप्रिलपासून दुपारी एक वाजता शक्तिमान.

आता टीव्ही भिंतीवरचा, रंगीत. शक्तिमानच्या कपड्यांचा खरा रंग मी पहिल्यांदा घरच्या टीव्हीवर पाहिला. मुलगा सात वर्षांचा, मोबाइलवर ॲव्हेंजर्स पाहून तयार झालेला. त्याचं मत दोन मिनिटांत झालं : "आई, हे मागचं चित्र वेगळं चिकटवलंय." दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "तो जॅकाल शास्त्रज्ञ आहे ना? मग तो कोरोनाचं औषध का नाही बनवत?" शास्त्राच्या सरांची आठवण आली. तरीही पठ्ठ्या रोज एक वाजता टीव्हीसमोर बसायचा. गंगाधरच्या वेंधळेपणाला तो मनापासून हसायचा.

एका दुपारी त्यानं चुलतभावाला विचारलं, "मामा, तू याच्यासाठीच उडी मारली होतीस ना? तो तुला पकडेल असं वाटलं होतं?"

भाऊ म्हणाला, "नाही रे. तो टीव्हीत असतो, एवढं कळत होतं मला."

"मग का मारलीस?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "वाळू कमी झालेली दिसली नाही," एवढंच म्हणाला.

इतकी वर्षं तोही गप्प होता. मुलगा बाहेर खेळायला गेल्यावर मी त्याला विचारलं, तू कधी सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "सुरुवातीला तुला मार बसेल म्हणून. आणि मग सगळ्यांनी शक्तिमान-शक्तिमान सुरू केलं. ताई, मला त्याचाच जास्त राग यायचा. शाळेत पोरं म्हणायची, हा येडा, टीव्हीतला माणूस खरा समजून उडाला. मी येडा नव्हतो. तू घाबरट म्हणालीस म्हणून मारली मी उडी."

तेव्हाच्या बातम्यांत, घराघरांतल्या गप्पांत, सगळ्यांनी एक गोष्ट धरून चालली होती : पोरांना खरं-खोटं कळत नाही. काही पोरांना कळत नसेलही, आणि त्यांच्यासाठी इशारे द्यायलाच हवे होते. उडणारा माणूस दाखवून बिस्किटं विकणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. पण माझ्या भावाला कळत होतं. त्याला जे कळत होतं ते कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाकीचंही निघालं असतं. स्लॅबला कठडा का नव्हता, दोन बायकांना दिवसाच्या मजुरीसाठी दोन तास रांगेत का थांबावं लागतं, आणि मी खाली उभी राहून काय बोलत होते. मालिकेचं नाव घेतलं की आम्ही सगळे एका दमात सुटत होतो. एकटा तोच अडकून राहिला होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. आजी आता नव्हती. आई भांडी आवरत होती, ती थांबली. काकू म्हणाली, "एवढीशी होतीस तू." मी म्हणाले, अकरा म्हणजे एवढीशी नाही. मग कुणीच काही बोललं नाही.

बऱ्याच वेळानं काका बोलले. "हाडवाल्याकडं मी नेलं त्याला. तुझे बाबा म्हणत होते नाशिकला नेऊ. गाडीचं भाडं, दवाखाना... पगाराला आठ दिवस होते." ते भावाच्या हाताकडं पाहत होते. "पडला तेव्हा हात मोडला. वाकडा झाला तो तिथं."

भाऊ म्हणाला, "जाऊ द्या आता, अण्णा." पण त्यानं हात मागं घेतला नाही. तो चटकन हात मागं घेतो, ही त्याची लहानपणापासूनची सवय.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मुलानं टीव्ही लावला. काका खुर्ची ओढून बसले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी शक्तिमानचा पहिला भाग पाहिला. गंगाधर कुठंतरी धडपडला, गीता ओरडली, तो गरगर फिरला आणि उडाला. शेवटी पोरगं "सॉरी शक्तिमान" म्हणालं. काका शेवटपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "एवढंच होतं होय हे?"

"एवढंच," भाऊ म्हणाला.

"मग काय वाईट आहे?" काका म्हणाले. "उद्या किती वाजता असतं?"